शिधा, सवय आणि सरकार

सैनिक म्हटला की हातात रमचा पेला आणि ओठांत सिगारेट, हे चित्र आपण इतके गृहीत धरले आहे की ते त्याच्या स्वभावातूनच उमटले असे वाटावे. वस्तुतः त्यामागे सरकारी पुरवठ्याची व्यवस्था आहे. विचार करावयाचा तो या व्यवस्थेचा.

ब्रिटिश आरमारात रम हा खलाशाच्या शिध्याचाच भाग होता. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन यांनी तीत पाणी मिसळण्याचा हुकूम काढला. ती बंद झाली मात्र ३१ जुलै १९७० रोजी. अखेरच्या काळात रम न घेणाऱ्यास दिवसाला अवघे ३ पेन्स मिळत. उलट, जहाजावर रमच्या घोटांनी उपकारांची फेड होई. संयमाचे मोल असे क्षुल्लक ठरविल्यावर संयमी किती राहणार?

अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात तर १९७५ पर्यंत सिगारेटी असत. दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या छावणीत सिगारेटच चलन कशी बनली, हे तेथे राहिलेल्या आर. ए. रॅडफर्ड यांनी १९४५ साली 'इकॉनॉमिका'त लिहिले. तेथे न ओढणारा आपल्या वाट्याच्या सिगारेटी देऊन चॉकलेट घेऊ शके. व्यसन नसल्याचा त्याला तोटा नव्हता.

आपल्याकडे, मुंबईत मुख्यालय असलेल्या कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटमार्फत सैनिकांना हुद्द्यानुसार दरमहा ठराविक मद्य बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते. ही सवलत निवृत्तीनंतरही टिकते. साताऱ्या-कोल्हापुरातील माजी सैनिकांच्या घरांपर्यंत ती पोहोचते. जो पीत नाही, त्याच्या पदरी मात्र या सवलतीपैकी काहीच पडत नाही.

सीमेवरील थंडी, भीती आणि एकाकीपण आपण घरबसल्या तोलू नये, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मद्याने ऊब वाटते तरी शरीरातील उष्णता उलट अधिक वेगाने बाहेर जाते, हेही तितकेच खरे. शिवाय निवृत्त जवानाच्या गावी ना हिमशिखर असते, ना शत्रू; असते ते त्याचे कुटुंब.

म्हणून बंदी नको, उपदेशही नको. ब्रिटिश सरकारने रम बंद करताना २७ लाख पौंड खलाशांच्या कल्याणनिधीस दिले. आपणही मद्याचा कोटा न घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेची सवलत धान्य, औषधे वा मुलांच्या वह्यापुस्तकांवर द्यावी. निवड सैनिकाची असावी. पण न पिण्याची किंमत त्याच्या घराने का मोजावी?