चौकांतला दिवा आणि पायीं चालणारा

गोंदिया जंक्शनच्या फलाटावर उभें राहून गाड्यांची ये-जा पाहणें ही एक करमणूकच आहे. हावड्याहून नागपूर-मुंबईकडे जाणारा मोठा लोहमार्ग येथून जातो. एक वाट बालाघाटावरून जबलपुराकडे वळते, तर दुसरी नागभीडवरून बल्लारपुराकडे. इतक्या वाटा एकत्र आल्या असूनहि लाल दिवा दिसला कीं शेंकडों माणसांनीं भरलेली गाडी निमूटपणें उभी राहते. प्रवाशांना कंटाळा येतो, परंतु दिव्यास न जुमानतां गाडी पुढें न्यावी असें कोणी म्हणत नाहीं. तोच प्रवासी स्टेशनाबाहेर पडून रिक्षांत बसतो, एखाद्या चौकांत लाल दिवा आडवा येतो, आणि हा सुशिक्षित गृहस्थ रिक्षावाल्यास म्हणतो, "समोर कोणी नाहीं, काढा पुढें!"

वस्तुतः रस्त्यावरचा दिवा हा आगगाडीच्या दिव्याचाच धाकटा भाऊ होय. १८६८ च्या डिसेंबरांत लंडन येथें पार्लमेंटच्या इमारतीजवळ रहदारीचा पहिला सिग्नल उभारला गेला, तो जॉन पीक नाइट या रेल्वेच्या इंजिनियराच्या कल्पनेनें. दिवसा हलणारे हात व रात्रीं गॅसचे लाल-हिरवे दिवे अशी ती योजना होती. पुढच्याच महिन्यांत गॅस गळून स्फोट झाला, तेथील पोलीस शिपाई जखमी झाला, आणि योजना मागें पडली. पुढें विजेचे दिवे आले; अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं ते १९१४ सालीं लागले आणि मग ही कल्पना जगभर रुजली.

परंतु दिवा लावला म्हणजे काम झालें असें नाहीं. तो किती वेळ हिरवा व किती वेळ लाल ठेवावा, हा खरा प्रश्न आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस तो पंगतीच्या उदाहरणानें चटकन उमगेल. घरीं कार्य आहे आणि पाहुणे इतके आहेत कीं एका पंगतीनें भागणार नाहीं. एक पंगत उठली कीं उष्टीं काढावयाचीं, जमीन पुसावयाची, पुन्हां पानें मांडावयाचीं. तेवढ्या वेळांत कोणाचेंच जेवण होत नाहीं. पंगती अगदीं लहान केल्या तर सारा दिवस उष्टीं काढण्यांतच जातो. उलट, एकच पंगत लांबवीत बसलें तर बाहेरचे भुकेनें व्याकुळ होतात आणि आंत कित्येक जण जेवण संपवून नुसते गप्पा मारीत बसतात.

चौकाचेंहि तसेंच आहे. हिरवा दिवा लागल्यावर पहिलें वाहन हलावयास वेळ लागतो; पिवळ्या दिव्यांत शेवटच्या वाहनास बाहेर पडूं द्यावें लागतें. हे सेकंद कोणाच्याच उपयोगीं पडत नाहींत. सर्व बाजूंस एकेकदां हिरवा दिवा मिळाला कीं एक फेरा पुरा झाला. हा फेरा किती सेकंदांचा असावा, याचें गणित ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरींतील एफ्. व्ही. वेब्स्टर यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तें अद्यापि शिकविलें जातें. फेऱ्यांत वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करावी, तींत पांच मिळवावे, आणि चौकाच्या शक्तीचा जो अंश रिकामा उरला असेल त्यानें भागावें, इतकाच तो नियम आहे.

एक कल्पित चौक घेऊं. एक हमरस्ता, एक आडरस्ता. फेऱ्यांत ८ सेकंद वाया जातात. हमरस्त्याच्या गर्दीस शंभर भागांपैकीं ४० भाग वेळ हवा, आडरस्त्याच्या गर्दीस २० भाग. म्हणजे ४० भाग रिकामे. आठाची दीडपट बारा, अधिक पांच, मिळून सतरा, त्यास ०.४ नें भागिलें असतां साडेबेचाळीस सेकंदांचा फेरा येतो. वाया गेलेले ८ वजा करून उरलेले सेकंद गर्दीच्या प्रमाणांत वांटले कीं हमरस्त्यास २३ आणि आडरस्त्यास साडेअकरा सेकंद हिरवा दिवा मिळतो. गर्दी वाढून रिकामा अंश २० भागांवर आला, तर हाच फेरा ८५ सेकंदांचा होतो. दहावर आला, तर १७० चा! गोंदिया तर राइस मिलांचें गांव. धानाच्या पोत्यांनीं लादलेल्या गाड्यांचा हंगाम आणि इतर दिवस यांस एकच वेळापत्रक कां पुरत नाहीं, हें यावरून ध्यानीं येईल.

हें सारें वाहनांचें झालें. गर्दी मोजतांना मोटारीस एक धरून इतर वाहनांचें मोल ठरवितात. सायकल अर्धी किंवा त्याहूनहि कमी, मालाचा मोठा ट्रक दोहोंपेक्षां अधिक. या कोष्टकांत पायीं चालणाऱ्यास मात्र अंक नाहीं.

आतां त्याच चौकांत शाळेंत जाणारें मूल व देवदर्शनास निघालेली आजी यांस उभें करूं. हमरस्ता ओलांडावयाचा तर तो थांबलेला असतांनाच, म्हणजे आडरस्त्याच्या साडेअकरा सेकंदांत. रस्ता १२ मीटर रुंद आहे. चालणाऱ्याचा वेग हिशेबासाठीं सामान्यतः सेकंदास १.२ मीटर धरतात. त्यास १० सेकंद लागले. दिवा पाहून पाऊल उचलावयास तीन सेकंद धरले तर १३ झाले. म्हणजे धडधाकट माणसासहि वेळ अपुरा. काठी टेकीत जाणाऱ्या आजीचा वेग ०.८ मीटर धरला तर तिला १५ आणि ३, असे १८ सेकंद हवेत. गणित बिनचूक आहे, आणि आजी रस्त्याच्या मधोमध सांपडली आहे!

यावर उपाय आहे व तो महाग नाहीं. आडरस्त्यास १८ सेकंद द्यावे, त्याच प्रमाणांत हमरस्त्यास ३६. वाया जाणारे ८ मिळून फेरा ६२ सेकंदांचा होतो, म्हणजे पहिल्याच्या दीडपटीच्या आंत. वेब्स्टर यांनींच दाखवून ठेविलें आहे कीं, फेरा आदर्श मापाच्या पाऊणपटीपासून दीडपटीपर्यंत कमीअधिक झाला तरी वाहनांचा खोळंबा फारसा, म्हणजे शेंकडा दहा-वीसपेक्षां अधिक, वाढत नाहीं. मोटारवाल्यांच्या एवढ्याशा खोळंब्यांत आजीचा जीव सुरक्षित होत असेल, तर हा सौदा कोण नाकारील?

मुंबई-पुण्याकडे गर्दी पाहून आपला वेळ आपणच बदलणारे दिवे बसविले गेले आहेत. जमिनींतील तारांचीं वेटोळीं किंवा कॅमेरे वाहनें मोजतात आणि यंत्र हिरव्या दिव्याची वांटणी करतें. ही सोय उत्तम आहे, पण यंत्र जें मोजावयास सांगावें तेंच मोजतें. कडेला उभ्या असलेल्या पादचाऱ्याची नोंद घ्यावयास त्यास शिकविलें नाहीं, तर तें हुशारीनें तोच जुना अन्याय करील.

तेव्हां आमची एक सूचना आहे. घरांत कॉलेजांत जाणारीं मुलें असतील, तर त्यांनीं एके सायंकाळीं घड्याळ व वही घेऊन आपल्या चौकांत उभें राहावें. दिवा किती सेकंद हिरवा राहतो, आणि रस्ता ओलांडतांना किती वृद्ध व मुलें मध्येंच अडकतात, हें टिपावें, आणि तो कागद नगर परिषदेकडे व वाहतूक पोलिसांकडे पाठवावा. केवळ तक्रारीपेक्षां आंकड्यांचें वजन अधिक असतें. मात्र हें करीत असतां स्वतः लाल दिव्यास थांबण्याची संवय मोडूं नये; कारण आजीचे ते १८ सेकंद कागदावर कितीहि नीट मांडले, तरी प्रत्यक्षांत ते थांबणाऱ्यांच्याच हातीं असतात.

आपल्या घरांत पहिल्या पंगतीस मुलें व वडीलधारीं माणसें बसविण्याची रीत आहे. कर्ते पुरुष मागाहून बसतात आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. तीच रीत उंबरठ्याबाहेर, चौकांतहि पाळावी, एवढेंच आमचें मागणें आहे.