फॉरमॅट मारताय? जरा थांबा!

लॅपटॉपच्या पोटात कंपनीने लपवून ठेवलेलं एक पार्टिशन असतं. ते उडवण्याआधी त्याची सोय बाहेर करून ठेवा. खर्च एका पेनड्राइव्हचा, वेळ एका सिनेमाचा!

१ जून ते ३१ जुलै. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. या दोन महिन्यांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात चक्कर मारा. ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे, छोट्या होड्या शाकारून ठेवलेल्या, कुठे जाळी दुरुस्त होतायत, कुठे इंजिन उघडून ठेवलंय, कुठे रंगाचे डबे. भर समुद्रात इंजिन बंद पडल्यावर पाना शोधत बसायचं नाही, हा तिथला साधा हिशोब. आणि आपण ऑफिसवाले? बरोबर उलटे. लॅपटॉप धडधाकट असतो तेव्हा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि तो गचकला की रात्री साडेअकराला मित्राला फोन, ‘अरे, फॉरमॅट कसा मारतात रे?’

हा फोन गेल्या काही काळात जरा जास्तच वाजायला लागला. कारण सोपं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्यांच्या लॅपटॉपला विंडोज ११ झेपतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी ‘आता टाकतोच आहे तर सगळं साफ करून टाकू’ असा पवित्रा घेतला. सफाई चांगलीच, पण त्या झाडूसोबत नेमकं काय बाहेर जातंय, हे किती जण बघतात?

लॅपटॉप उघडा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, मग डिस्क मॅनेजमेंट. सी ड्राइव्ह तुमच्या ओळखीचा. त्याच्या आजूबाजूला मात्र दोन-तीन अनोळखी डबे दिसतील. त्यांना ना ए-बी-सी-डीतलं अक्षर, ना आत शिरायला दार. ज्यावर ‘रिकव्हरी’ असं लिहिलंय, त्यावर राइट क्लिक केलंत तर ‘हेल्प’ सोडून काही मिळत नाही. हेच ते पार्टिशन. विंडोज सुरू होईनासं झालं की दुरुस्तीचा जो निळा स्क्रीन येतो, तो इथूनच येतो. ते साधारण पाचशे एमबी ते एक जीबीचं असतं. काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः जुन्यांमध्ये, याशिवाय आणखी एक दहा-वीस जीबीचं दणकट पार्टिशन असतं. त्यात कंपनीने कारखान्यातून निघताना भरलेलं अख्खं विंडोज आणि ड्रायव्हर्स ठेवलेले असतात. पूर्वी लॅपटॉपसोबत सीडी यायची, ती बंद करून कंपन्यांनी हा माल डिस्कवरच टाकला. त्यांचे पैसे वाचले, जागा आपली गेली!

आता यातला झोल बघा. ही सगळी सोय त्याच डिस्कवर आहे. म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखं. डिस्क मेली, की किल्लीही गेली. आणि नवं विंडोज टाकताना ‘सगळी पार्टिशन्स डिलीट’ केलीत, तर डिस्क जिवंत असूनही किल्ली तुम्हीच समुद्रात फेकलीत.

बरं, हे पार्टिशन फक्त फॉरमॅटमध्येच जातं असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ नावाचं सुरक्षा अपडेट काढलं. ते याच दुरुस्तीच्या पार्टिशनसाठी होतं आणि त्याला तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. अनेकांकडे ती नव्हतीच. मग एरर. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तोच एरर. मायक्रोसॉफ्टचा सल्ला काय, तर कमांड टाइप करून पार्टिशन स्वतःच मोठं करा! अकाउंट्समध्ये किंवा एचआरमध्ये काम करणाऱ्या माणसाने हे का करावं, हा प्रश्न मला आजही पडतो. त्यात अनेकदा हे पार्टिशन सी ड्राइव्हला अगदी चिकटून असतं. सी वाढवायचा तर ते मधे येतं, मग ‘कशाला हवंय हे’ म्हणून उडवलं जातं.

तर मग करायचं काय? सर्चमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ टाइप करा. विंडोजचंच टूल आहे, फुकट. त्यात सिस्टिम फाइल्सचा बॅकअप घेण्याची टिकमार्क असते. ती राहू द्या, सगळा अर्थ तिच्यात आहे. ती काढलीत तर नुसती दुरुस्तीची हत्यारं पेनड्राइव्हवर येतात, विंडोज नाही. पेनड्राइव्ह निदान १६ जीबीचा लागतो, मी म्हणेन ३२ चा घ्या. त्यावर आधी जे काही आहे ते पुसलं जाणार, तेव्हा मित्राच्या लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह नको. तास-दीड तास चालतं, मधे टक्केवारी अडकल्यासारखी वाटते. उपटू नका!

या टूलने विंडोज आलं, पण कंपनीचं ते वेगळं मोठं पार्टिशन जसंच्या तसं येत नाही. ते हवंच असेल तर दोन वाटा. एक म्हणजे क्लोनझिला. हे फुकटचं सॉफ्टवेअर अख्ख्या डिस्कची किंवा एकेका पार्टिशनची हुबेहूब प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढतं. दिसायला रूक्ष, काळ्या स्क्रीनचं, आणि चुकून उलट दिशेने कॉपी मारलीत तर वाट लागलीच समजा. दुसरी वाट सोपी. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या अनेक मॉडेल्ससाठी रिकव्हरीचा माल आपल्या टूलमधून डाउनलोड करू देतात. लॅपटॉप उलटा करा, खालच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, त्यावरचाच नंबर तिथे मागतात. माझा कौल या दुसऱ्या वाटेला. पण हे काम फॉरमॅटच्या आधीच उरकायचं, कारण नंतर डाउनलोड करायला दुसरा कॉम्प्युटर शोधावा लागतो.

प्रॉडक्ट कीचं टेन्शन मात्र सोडा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ब्रँडेड लॅपटॉपची की मदरबोर्डवरच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकलीत तर नेट मिळाल्यावर लॅपटॉप आपला आपण अॅक्टिव्हेट होतो. खरं टेन्शन दुसऱ्याच कीचं आहे. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, आणि हल्लीच्या लॅपटॉपवर ते तुम्हाला न विचारताही चालू झालेलं असू शकतं, तर ४८ आकड्यांची एक रिकव्हरी की असते. बहुतेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. आजच लॉगिन करून बघा, कागदावर उतरवा. ती हरवली तर मायक्रोसॉफ्टही परत बनवून देऊ शकत नाही.

आणखी एक. वाय-फायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर वेगळा ठेवा. कोरं विंडोज ११ टाकताना सेटअप नेट मागतं, नेटला वाय-फाय लागतं, वाय-फायला ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर नेटवर! बसा गोल गोल फिरत.

ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर यातलं काहीही करू नका. आयटीवाल्यांना फोन करा.

पण घरच्या लॅपटॉपचं काय? ईद असो की गणपती, मुंबई-पुण्याहून कोकणात घरी पोचलेल्या मुलाच्या हातात चहाच्या आधी लॅपटॉप येतो, ‘स्लो झालाय, बघ जरा’. तो बिचारा दुपारपर्यंत सगळं साफ करून मोकळा. मग संध्याकाळी चाचा विचारतात, ‘त्यात बोटीचे कागद होते ना रे?’ डिझेलची बिलं, बर्फाचा हिशोब, परवान्याचं स्कॅन. इथे एक गैरसमज कायमचा काढून टाका. रिकव्हरी ड्राइव्ह विंडोज परत आणतो, तुमच्या फाइल्स नाही. उलट त्यावरून विंडोज परत टाकलंत तर सी ड्राइव्हवरचं होतं नव्हतं ते जातं. कागद, फोटो, टॅलीचा डेटा हे सगळं वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या, आणि घेतल्यावर दोन-चार फाइल्स उघडून बघा. जमलं तर कॉपी दुसऱ्या लॅपटॉपवर उघडा, म्हणजे खात्री. आणि चार्जर लावून, बॅटरी फुल असतानाच सुरुवात करा. पावसाळ्यात कोकणात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे.

पेनड्राइव्ह तयार झाला की एकदा त्यावरून लॅपटॉप सुरू करून बघा. डेल, लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९. निळा स्क्रीन आला की काही न निवडता बाहेर पडा, काम झालं. मग मार्करने त्यावर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख लिहा. विंडोज बदलत राहतं, तेव्हा वर्षभराने तो परत बनवायचा. आणि हो, तो लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग लोकलमध्ये राहिली तर दोन्ही एकदमच जातील!