नाणेघाटाची घळ आणि मढचा मुलूख

कल्याणाहून निघून, मुरबाड मागे टाकून, माळशेज घाट चढून आलेल्या मोटारीला देशावर जी गावे प्रथम लागतात त्यांपैकी मढ हे एक होय. एका अंगास पिंपळगाव जोगे धरणाचा विस्तीर्ण जलाशय, त्यापलीकडे हरिश्चंद्रगडाचे प्रचंड धूड आणि दुसऱ्या अंगास सिंदोळा किल्ल्याचा उभा कातळ, अशा बंदोबस्तात हे गाव वसले आहे. एके काळी हे तर्फेचे, म्हणजे महसुली विभागाचे, ठिकाण होते. तर्फदारी लयास गेली, परंतु शेजारच्या पारगावास सरकारी कागदपत्रांत अद्यापि ‘पारगाव तर्फे मढ’ असेच लिहितात, आणि सातबारा काढावयास गेलेल्या शेतकऱ्यास त्यात काही नवल वाटत नाही.

मढचे नाव मी मुद्दाम अग्रभागी घेतले आहे. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांतील माणसे पाऊस सुरू झाला की ज्या मुलुखाकडे धाव घेतात त्याचे हे उत्तरेकडील प्रवेशद्वार आहे, आणि या दोन शहरांनी जुन्नरचा घाटमाथा आपले सार्वजनिक उद्यान करून टाकला आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. शहराच्या हद्दीत दऱ्याखोरी राखून नागरिकांस तेथे पायी हिंडण्याची सोय करून देणे ही कल्पना अन्यत्र फार रुजलेली आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरास ग्रिफिथ नावाच्या धनिकाने १८९६ साली जी डोंगराळ जमीन दान दिली, तिच्यातील घळींतून आज त्या शहरातले लोक सकाळसंध्याकाळ फिरावयास जातात. आपल्याकडे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे असून त्यात कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. परंतु अशा उद्यानातील वाट फिरणाऱ्यासाठी आखलेली असते; ती कोठे नेत नाही, फिरवून परत आणते. जुन्नरच्या घळींची गोष्ट निराळी. त्या कोणी मनोरंजनासाठी घडविल्या नाहीत. त्या वाहतुकीच्या, जकातीच्या आणि पोटापाण्याच्या वाटा आहेत, आणि हे ध्यानात न ठेवता जो त्यांत उतरतो त्यास अर्धीच वाट दिसते.

प्रथम घळ कशी होते ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. दोन थरांमधील काळात जी माती तयार झाली ती पुढील लाव्ह्याखाली भाजून निघाली. तिचाच तांबूस पट्टा आज काळ्या कातळात ठिकठिकाणी आडवा धावताना दिसतो. थंड होताना या खडकास उभ्या भेगा पडल्या, काही भेगांत मागाहून वेगळ्या जातीचा खडक भिंतीसारखा घुसला, आणि सह्याद्रीच्या कड्यावर दरवर्षी कोसळणाऱ्या पावसाने जेथे जेथे खडक कच्चा होता तेथे तेथे तो पोखरून नेला. कुऱ्हाडीच्या घावाने ओंडका जसा एका रेषेत उकलावा, तसा डोंगर मग त्या रेषेत उकलतो. मोठ्या फटीस आपण खिंड म्हणतो, कड्यावरून थेट कोकणात उतरणाऱ्या उभ्या फटीस नाळ म्हणतो, आणि जिच्यातून लादलेले जनावर जाऊ शकते तिला घाट.

नाणेघाट हा त्यांतील सर्वांत मातबर. मढहून तेथे जावयाचे तर आधी जुन्नर गाठावे लागते. जुन्नरहून आपटाळे, चावंड या वाटेने घाटघरपर्यंत सुमारे ३० किलोमीटर अंतर आहे. वाटेत पूर गावी कुकडी नदीच्या उगमापाशी कुकडेश्वराचे शिल्पसमृद्ध मंदिर आहे, ते चुकवू नये. पुढे जीवधन किल्ला आणि त्याला खेटून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका दिसू लागला की घाटमाथा आला असे समजावे. ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जाणारा कडा कोकणाच्या अंगास सरळ तुटला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी ती प्रसिद्ध घळ सुरू होते.

माथ्यावर एक प्रचंड दगडी रांजण आहे. घाटातून जाणारे व्यापारी त्यात जकातीचे नाणे टाकीत असत असे परंपरा सांगते; काही अभ्यासक तो पाण्याचा असावा म्हणतात. मला स्वतःला जकातीची कथा सोडवत नाही, कारण ज्या राज्याने हा घाट राखला त्याचे सारे ऐश्वर्य अशाच नाण्यांवर उभे होते. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल येथूनच जुन्नर आणि पुढे सातवाहनांची राजधानी पैठण येथे जात असे. तांबड्या समुद्राकडून जहाजे आणणाऱ्या ग्रीक खलाशांनी ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलेल्या बंदरांच्या माहितीत कल्याण, सोपारा आणि पैठण ही तिन्ही नावे आहेत. जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल, चिट आणि चंद या यवनांनी दिलेल्या दानांचे लेखच कोरलेले आहेत. हे परदेशी लोक कोकणातून वर आले ते कोणत्या वाटेने, हा प्रश्न जुन्नरास बसून विचारला तर उत्तर पश्चिमेकडेच सापडते.

घळीत उतरू लागले की दोन्ही बाजूंस कातळाच्या भिंती अंगावर येतात, आकाशाची पट्टी अरुंद होते, आणि पायाखाली शतकानुशतकांच्या रहदारीने गुळगुळीत झालेले दगड लागतात. निसर्गाने दिलेल्या फटीस छिन्नीने हवी तेवढी रुंदी दिली आहे, हे बारकाईने पाहणाऱ्यास उमगते. वाटेच्या कडेने कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. बाहेर कडक ऊन असतानाही आतले पाणी गार लागते. थोडे खाली उतरले की डाव्या-उजव्या भिंतींवर लेख असलेली ती गुहा येते, जिच्यामुळे नाणेघाटाचे नाव विद्वानांच्या जगात गेले.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लेखाकडे लक्ष वेधले, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे वाचन केले आणि ब्यूलर या जर्मन पंडिताने १८८३ साली तो प्रसिद्ध केला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ बहुधा ख्रिस्तपूर्व पहिले शतक. दोन भिंतींवर मिळून वीस ओळी आहेत, आणि त्या एका राणीच्या, नागनिकेच्या, नावाने ओळखल्या जातात. आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांस वंदन करून पुढे अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते: १,७०० गाई, १० हत्ती, २४,४०० कार्षापण नाणी. एखाद्या दप्तरदाराने खर्चाचा तपशील मांडावा, तशी ही मांडणी आहे, आणि म्हणूनच ती अनमोल ठरली. कारण त्या तपशिलात भारतातील अंकचिन्हांचे फार प्राचीन नमुने सापडतात. शून्य तेव्हा नव्हते; दहा, शंभर, हजार यांस स्वतंत्र चिन्हे होती. गुहेच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातील सिमुक, नागनिका, सातकर्णी आणि इतरांच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, त्यांच्या माथ्यावरची नावे राहिली. सकाळी तिरपे ऊन आत आले म्हणजे झिजलेल्या अक्षरांच्या कडांवर सावली धरते. दुपारी गेलात तर भिंत कोरी वाटेल. लेखाला हात लावू नये, आणि त्यावर आपले नाव कोरून शेजारी बाण काढणाऱ्या महाभागांविषयी तर लिहिणेच नको.

हा सारा मुलूख महादेव कोळी समाजाचा. भात, नाचणी, वरई ही त्यांची पिके आणि जंगलातील बाळहिरडा हे रोख पैशाचे साधन. पर्यटकांच्या गर्दीने अलीकडे चहा-भजीच्या टपऱ्या आणि वाटाडेगिरी अशी नवी कमाई मिळू लागली आहे. घाटघरच्या एका वयस्कर वाटाड्याने मला घळीच्या तोंडाशीच बजावले होते, “पावसात खिंडीत उभं राहायचं न्हाई, दादा. पाणी दिसतं, वरनं येणारा दगड दिसत न्हाई.” वाऱ्याच्या झोताने धबधबा उलटा उडताना पाहण्यासाठी आषाढ-श्रावणात येथे इतकी झुंबड उडते की जिल्हा प्रशासनास वेळोवेळी मनाई हुकूम काढावे लागतात. माझ्या मते ही घळ पावसाळ्याची नव्हेच. दिवाळी उरकल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, सोनकीची पिवळी फुले सरत येतात, गवत सोनेरी होऊ लागते, दगड कोरडे असतात आणि टाक्यांतले पाणी भरलेले असते, तेव्हा जावे. आणि शक्य असल्यास खालून वर जावे. ठाणे जिल्ह्यातील वैशाखरे गावाजवळून पहाटे निघून दोन-तीन तासांची चढण चढल्यावर गुहा लागते. बैल हाकीत येणाऱ्या व्यापाऱ्यास हा घाट कसा भासत असेल, याची थोडी कल्पना त्या चढणीनेच येते.

परतताना मढच्या अंगाने आलात तर आणखी एक वाट पायाखाली घालावी. खुबी फाट्यावरून धरणाच्या भिंतीने खिरेश्वरास जाता येते. गावाबाहेर नागेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. त्याच्या छतावरील देवदेवतांची शिल्पे आणि आतील शेषशायी विष्णू पाहण्यास मान वर करून बराच वेळ उभे राहावे लागते. तेथून तोलार खिंड दीड तासावर. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे, म्हणून तीस व्याघ्रशिल्पाची खिंड म्हणूनही ओळखतात. हरिश्चंद्रगडास जाणारी वाट येथून डावीकडे कातळावर चढते. तेथे आधारास लोखंडी कठडे बसविले आहेत. ज्यास गड चढावयाचा नसेल त्याने खिंड ओलांडून सरळ पलीकडे कोथळ्यास उतरावे. पुणे जिल्हा येथे संपतो आणि अकोले तालुका लागतो. मात्र अलीकडच्या गाडीने परतावयाचे असेल तर कोथळ्याचा मोह आवरावा, कारण एकदा पलीकडे उतरल्यावर मढला मोटारीने येण्यास डोंगराचा भला मोठा वळसा पडतो.