बर्फयंत्र तापते तेव्हा : घरच्या घरी तपासणी व दुरुस्ती

जनावरांच्या लसीकरणाचा दिवस, ताज्या मासळीची विक्री किंवा दुधाच्या नमुन्यांची वाहतूक, या सर्व कामांत बर्फाची गरज असते. बर्फाचा कारखाना दूर असलेल्या गावांत अलीकडे टेबलावर ठेवण्याजोगी लहान बर्फयंत्रे दिसू लागली आहेत. त्यांपैकी अनेकांची क्षमता दिवसाला १० ते १२ किलो असते. मात्र ऐन उन्हाळ्यात, म्हणजे बर्फाची निकड सर्वाधिक असते तेव्हाच, ही यंत्रे तापून बंद पडतात. बहुतेक वेळा दोष गंभीर नसतो आणि थोडी समज असल्यास तो घरीच दूर करता येतो.

यंत्र का तापते?

बर्फयंत्र थंडी निर्माण करत नाही. ते पाण्यातील उष्णता काढून खोलीतील हवेत सोडते. ३० अंश सेल्सिअसचे एक किलो पाणी शून्य अंशापर्यंत आणण्यासाठी सुमारे १२६ किलोज्यूल आणि ते गोठवण्यासाठी आणखी ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ही ४६० किलोज्यूल उष्णता आणि यंत्राने वापरलेल्या विजेची उष्णता, दोन्ही कंडेन्सरच्या पत्र्यांतून पंख्याच्या साहाय्याने बाहेर पडतात. ही वाट कोंदली, की गॅसचा दाब वाढतो, कंप्रेसर अधिक वीज ओढतो आणि तापतो. ठरावीक मर्यादेनंतर त्यावरील संरक्षक स्विच वीज तोडतो. म्हणजेच यंत्राचे बंद पडणे हा मूळ दोष नसून दोषाची सूचना आहे.

चालू कंप्रेसर हाताला चांगलाच गरम लागणे स्वाभाविक आहे. यंत्र वारंवार बंद पडणे, बर्फाची प्रत्येक खेप पूर्वीपेक्षा उशिरा तयार होणे, जळका वास येणे किंवा पंख्याचा आवाज थांबणे ही मात्र बिघाडाची लक्षणे होत.

तपासणीचा क्रम

१. जागा : यंत्र भिंतीपासून व इतर वस्तूंपासून सर्व बाजूंनी किमान १५ सेंटिमीटर दूर असावे. चुलीशेजारी, उन्हाच्या खिडकीत, बंद कपाटात किंवा पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये ते ठेवू नये. जागा बदलताना यंत्र आडवे झाले असल्यास काही तास उभे ठेवूनच सुरू करावे. केवळ जागा बदलल्यानेही अनेक यंत्रे पूर्ववत चालतात.

२. धूळ : प्लग काढून यंत्र अर्धा तास थंड होऊ द्यावे. जाळीमागील कंडेन्सरच्या पत्र्यांवर धूळ, कोंडा किंवा पशुखाद्याची भुकटी साचलेली आढळते. मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेनेच ती काढावी. पत्रे नाजूक असतात. टोकदार वस्तू वापरू नये.

३. पंखा : प्लग काढलेल्या स्थितीतच पाती बोटाने फिरवून पाहावी. ती मोकळी फिरली पाहिजे. अडकलेले केस, दोरा किंवा पाला काढावा. वीज देऊनही पंखा फिरत नसेल, तर त्याच मापाचा व त्याच व्होल्टेजचा पंखा तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा. पंखा बंद असताना यंत्र चालवणे म्हणजे कंप्रेसर गमावणे होय.

४. वीज : ग्रामीण भागातील हे प्रमुख कारण. यंत्र चालू असताना मल्टिमीटरने शेजारच्या सॉकेटमधील व्होल्टेज पाहावे. ते २३० ऐवजी २०० व्होल्टच्या खाली जात असल्यास कंप्रेसर नीट सुरू होत नाही आणि जास्त प्रवाह ओढून तापतो. अशा ठिकाणी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर आवश्यक आहे. लांब व बारीक वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये. वीज गेल्यास ती परतल्यावर किमान पाच मिनिटे थांबून मगच यंत्र सुरू करावे.

५. क्षार : कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे बर्फ धरणाऱ्या धातूच्या बोंडांवर पांढरा थर बसतो. त्यामुळे बर्फ धरण्यास वेळ लागतो आणि कंप्रेसरला विश्रांती मिळत नाही. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून टाकीत घालावे व स्वच्छता-बटण असल्यास ते वापरावे. बटण नसेल, तर प्लग काढून याच द्रावणात भिजवलेल्या कापडाने बोंडे पुसावीत. द्रावण टाकून स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे आणि पहिली खेप फेकून द्यावी.

काय करू नये

गॅसची बंद नळी घरी उघडू नये. अनेक नव्या यंत्रांतील आर-६००ए हा वायू ज्वलनशील असतो. संरक्षक स्विच वगळून थेट जोडणी करू नये. त्यातून आग लागू शकते. वरील पाचही गोष्टी ठीक असूनही यंत्र बंद पडत असेल, तर दोष कंप्रेसर, रिले किंवा गॅसगळतीचा असण्याची शक्यता आहे. तेथे तंत्रज्ञच हवा.

भार कमी करण्याचे उपाय

माठातील पाणी वापरावे. ३० ऐवजी २० अंशांचे पाणी घेतल्यास काढावयाची उष्णता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. शक्यतो पहाटे किंवा रात्री बर्फ तयार करून उष्णतारोधक पेटीत साठवावा. या यंत्रांची बर्फपेटी बहुधा शीतपेटी नसते; तीत बर्फ वितळतो, पाणी टाकीत परत जाते आणि यंत्र तेच काम पुन्हा करत राहते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

यंत्राची खरी परीक्षा लसीकरणाच्या आदल्या दिवशीच घ्यावी. लाळ-खुरकूत रोगाची लस २ ते ८ अंशांत ठेवावयाची असते आणि ती गोठल्यास निकामी होते. म्हणून बर्फ भरपूर मिळाला तरी कुपी थेट बर्फावर ठेवू नये. मध्ये पुठ्ठा किंवा कापडाचा थर असावा आणि पेटीत तापमापक ठेवावा. मासळीसाठी उष्ण हवामानात मासळीच्या वजनाइतका बर्फ हा सर्वसाधारण दंडक आहे. १० किलो मासळीला यंत्राचे जवळजवळ पूर्ण दिवसाचे उत्पादन लागते, हे नियोजन करताना ध्यानात घ्यावे.

उन्हाळ्यात दर पंधरवड्यास कंडेन्सरची सफाई आणि महिन्यातून एकदा क्षारनिवारण, एवढी शिस्त पाळली, तर ऐन गरजेच्या दुपारी यंत्र दगा देण्याची शक्यता बरीच कमी होते.