हळदीपासून कुंकवापर्यंत : छपाईतल्या शेडचं गणित

पितृपक्षात बाकीचा बाजार थंड असला, तरी धाराशिव, तुळजापूर, उमरग्याच्या डीटीपीवाल्यांना तेव्हा उसंत नसते. शारदीय नवरात्राचे फ्लेक्स, तुळजापूरहून ज्योत आणणाऱ्या मंडळांचे बॅनर, महाप्रसादाची पत्रकं, त्यातच दिवाळीच्या शुभेच्छांच्या जाहिराती. गिऱ्हाइकाची मागणी बहुतेक ठरलेली: “मागं जरा शेड टाका की दादा. वर पिवळं, खाली लाल. देवीचं वाटलं पाहिजे.”

ही शेड म्हणजे ग्रेडियंट. पडद्यावर ती दोन क्लिकमध्ये होते आणि छापून आल्यावर अनेकदा फसते. टोकांचे दोन रंग कुणीही निवडतो. फसगत होते ती मधल्या पट्ट्यात, आणि कामाची पारखही तिथंच होते.

मधला रंग कुठून येतो?

छपाईत निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाया. हळदीसाठी मॅजेंटा १५ आणि पिवळा १०० टक्के, कुंकवासाठी दोन्ही शंभर. वरून खाली येताना पिवळी प्लेट भरलेलीच राहते, फक्त मॅजेंटा चढत जातो. मध्यावर तो ५७-५८ टक्क्यांवर पोचला की आपोआप झेंडूचा केशरी तयार होतो. देवीच्या बॅनरची शेड सहसा बिघडत नाही, त्याचं कारण हे.

आता हिरव्याकडून लालकडे जाऊ. हिरव्यात सायन आणि पिवळा शंभर, लालमध्ये मॅजेंटा आणि पिवळा शंभर. मध्यावर सायन ५०, मॅजेंटा ५०, पिवळा १००, म्हणजे शेवाळलेला तपकिरी. पैठणीची ऐट आणायला गेलेल्या लग्नपत्रिकेवर असा मळकट पट्टा दिसतो. उपाय सोपा आहे: मध्ये पिवळ्याचा तिसरा थांबा टाकायचा. मग हिरवा पोपटी होत पिवळ्यात येतो आणि तिथून केशरी होत लालमध्ये उतरतो.

काळ्याची गंमत वेगळी. लाल रंग नुसत्या काळ्यात उतरवला, तर मध्यावर मॅजेंटा आणि पिवळा निम्म्यावर येतात आणि रंग राखेसारखा मरतो. म्हणून काळ्या टोकालाही मॅजेंटा आणि पिवळा शंभर ठेवायचे. मग मधला भाग गडद डाळिंबी येतो.

साधनं

आपल्याकडे वर्षानुवर्षं पानं लागली ती पेजमेकरवर, पण त्यात ग्रेडियंटची सोयच नव्हती. पार्श्वभूमी कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपमध्ये करून पानावर आणून ठेवायची, रंग बदलायचा तर पुन्हा मूळ फाइलकडे जायचं. १९९९ मध्ये इनडिझाइन आलं आणि शेड पानावरच करता येऊ लागली.

इनडिझाइनच्या ग्रेडियंट पट्टीखाली रंगांचे थांबे असतात, वर एक छोटा, पत्त्यांतल्या चौकटसारखा हिरा. हिरा डावीकडे सरकवला की उजवा रंग लवकर पसरतो. शेडचा मधला भाग हलतो तो या हिऱ्यानं. ‘जी’ची कळ दाबून माउस ओढला की दिशा ठरते. सोबत शिफ्ट धरली तर रेघ सरळ राहते. अनेक चौकटी एकत्र निवडून त्यांवरून एकच रेघ ओढली, तर एकच शेड सगळ्यांवर मिळून पसरते. शेड स्वॉचमध्ये ठेवली की एका बदलात साऱ्या पानांवरची बदलते. कोरलमध्ये हेच फाउंटन फिल, एफ ११ वर. सरळ, लंबगोल, शंकूसारखी, चौकोनी अशा चारही तऱ्हा मिळतात.

पट्टे का पडतात?

एका शाईच्या फिक्या-गडदपणाच्या संगणकाकडे सहसा २५६ पायऱ्या असतात. पंधरा फुटी, म्हणजे १८० इंची फ्लेक्सवर शून्य ते शंभर टक्के शेड दिली, तर एक पायरी पाऊण इंचाहून थोडी कमी भरते. पण शेड २० ते ४० टक्क्यांतच फिरत असेल, तर हाती पायऱ्या उरतात ५१ आणि एकेक पट्टा होतो साडेतीन इंचांचा. तो रस्त्यावरूनही दिसतो. अशा वेळी टोकांमधलं अंतर वाढवायचं किंवा फोटोशॉपमध्ये एक-दोन टक्के नॉइज टाकून पायऱ्यांच्या कडा मोडायच्या.

ऑफसेटचं गणित आणखी कडक. शेड ठिपक्यांची बनते. यंत्राच्या डीपीआयला इंचातल्या ठिपक्यांच्या ओळींनी भागायचं आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा. २४०० डीपीआय आणि १५० ओळी असतील तर सोळाचा वर्ग, २५६ छटा. तालुक्याच्या छापखान्यात ६०० डीपीआयच्या लेझरवर ट्रेसिंग काढून शंभर ओळी धरल्या, तर सहाचा वर्ग, फक्त ३६. पट्टे पडणारच. ओळी ६० केल्या तर छटा शंभर होतात. ठिपका जाड दिसतो, पण उतार सलग येतो. पत्रकाला तेवढं चालतं.

ठिपक्यांची ही युक्ती संगणकाहून जुनी. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढं लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यात देवीच्या गालावरची छटा दगडावर हातानं ठिपके देऊन उतरवत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे.

अक्षरं आणि शेड

शेडवर देवनागरी बसवताना आणखी एक अडचण येते. पांढरा मथळा लालवर उठतो आणि पिवळ्याशी येईपर्यंत पुसट होतो. चार रंगांतून पांढरं अक्षर कोरायचं, तर प्लेट केसभर सरकली तरी रफार, अनुस्वार आणि बारीक वेलांटी बुजते. म्हणून अक्षर जाड घ्यावं आणि शेडच्या गडद अर्ध्यातच ठेवावं. छपाईला सोडण्याआधी शेडचा हातभर तुकडा त्याच मशीनवर, त्याच कागदावर किंवा फ्लेक्सवर काढून घ्यावा आणि आधी त्याचा मधला भाग पाहावा. तो स्वच्छ असेल, तर टोकांची फारशी काळजी करावी लागत नाही.