औलीचा उतार

बद्रीनाथला जाऊन आलेल्या मराठी घरांत जोशीमठ ओळखीचं असतं. नृसिंहाचं मंदिर, रस्त्याकडेचे चहाचे ठेले, विष्णुप्रयागकडे उतरणाऱ्या वळणांवर अडकलेल्या बसगाड्या. पण ही ओळख उन्हाळ्यातली. थंडीच्या तोंडावर बद्रीनाथाची दारं बंद होतात, यात्रेकरू खाली निघून जातात आणि त्याच गावाच्या डोक्यावर, अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर, औलीचे लोक आभाळाकडे बघत बसतात. बर्फ पडलं तर हंगाम, नाही तर रिकामी हॉटेलं.

भारतात स्कीइंग म्हटलं की पहिलं नाव गुलमर्गचं येतं, आणि ते रास्त आहे. तिथला गोंडोला अफरवत डोंगराच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो. औलीची झेप एवढी नाही. मुख्य उतार सुमारे तीन किलोमीटर, वरपासून खालपर्यंतचा फरक साधारण पाचशे मीटर. युरोप पाहून आलेले स्कीबहाद्दर यावर नाक मुरडतात. मुरडू देत. शिकायला मात्र औलीसारखी जागा आपल्या देशात क्वचितच सापडेल, कारण एवढ्याशा पट्ट्यात उताराची बरीच रूपं आहेत.

सर्वांत वर झाडं संपून बुग्याल सुरू होतं. बुग्याल म्हणजे गढवालातलं उंचावरचं गवताळ कुरण. बर्फाखाली दगड कमी आणि गवत जास्त, त्यामुळे थोडं बर्फ पडलं तरी इथे काम भागतं. मधला भाग तीव्र आहे. तिथे ज्याला वळता येत नाही त्याची गाठ थेट गुरुत्वाकर्षणाशी. कडेला खरसू ओक आणि देवदारांची रानं. सावलीमुळे त्यांत भुसभुशीत बर्फ जास्त दिवस टिकतं, पण झाडांमधून जाणं हे नवख्याचं काम नव्हे. खाली मंद उतार, जिथे सकाळभर पडण्याचा कार्यक्रम चालतो.

बर्फाचंही एकच रूप नसतं. निरभ्र रात्रीनंतर सकाळी वरचा थर काचेसारखा टणक असतो, त्यावर स्कीच्या धातूच्या कडा खरखरतात आणि पकड मिळत नाही. उन्हं वर आली की थर मऊ होतो, तासा-दोन तासांचा उत्तम वेळ मिळतो. दुपारनंतर त्याचा चिखल होतो आणि पाय जड पडू लागतात. जुने प्रशिक्षक म्हणूनच नवख्यांना फार लवकर उतारावर नेत नाहीत.

सह्याद्रीत वाढलेल्या पायांची इथे गंमत होते. राजगडाची किंवा हरिश्चंद्रगडाची घसरडी वाट उतरताना आपण अंग मागे टाकतो, टाच रोवतो, प्रसंगी बुडावर बसतो. स्कीवर हे केलं की फळ्यांची पुढची टोकं हलकी होतात, त्या ऐकेनाशा होतात आणि माणूस अधिकच वेगाने सुटतो. इथे नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून उताराकडे झुकायचं असतं. डोकं ‘मागे हो’ म्हणतं आणि प्रशिक्षक ‘आगे झुको’ म्हणून ओरडतो. पहिल्या धड्यात फळ्यांची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवायची, म्हणजे वेग आवरतो. मग एका पायावर भार वाढवायचा, की वळण आपोआप विरुद्ध दिशेला घडतं. उजव्या पायावर भार दिला तर डावीकडे. ऐकायला उलटं वाटतं, पण एकदा पायांना कळलं की विसरत नाही. आडवं उभं राहून एकेक पाऊल टाकत उतार चढणंही आधी शिकवतात, आणि खरी दमछाक त्यातच होते.

शिकवण्याची परंपरा इथे खेळापेक्षा जुनी, सैनिकी आहे. भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंग संस्था औलीत १९७३पासून आहे. सीमेवरच्या जवानाला बर्फातून हालचाल करता यावी हा तिचा हेतू. पर्यटकांसाठी गढवाल मंडल विकास निगम अभ्यासवर्ग चालवतं. राहणं साधं, जेवण साधं, बूट कित्येकांच्या पायांतून गेलेले. बूट निवडताना भीड ठेवू नये, सैल बुटात स्की वळत नाही. २०११च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, तेव्हा गोठवलेल्या बर्फावरचे खेळ देहरादूनच्या बंदिस्त रिंगणात आणि स्कीइंग औलीत झालं. त्यासाठी उतार घडवले, कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली, त्यांच्या पाण्यासाठी तळं खोदलं. ही यंत्रं पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवतात आणि ते खाली येईस्तोवर गोठतात. पण त्यासाठी हवा शून्याखाली आणि पुरेशी कोरडी हवी. ज्या हिवाळ्यात निसर्गाचं बर्फ पडत नाही, त्या हिवाळ्यात बहुधा यंत्रांनाही हवी तशी थंडी मिळत नाही. हिमालयात थंडीतलं बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ; ते रुसले की औलीतल्या स्पर्धा रद्द झाल्या आहेत.

औलीला पोचण्याची खरी मौज होती ती रोपवेची. जोशीमठातून निघणारा सुमारे चार किलोमीटरचा, दहा टॉवरांचा हा मार्ग १९९०च्या दशकात सुरू झाला. पाळणा हजाराहून अधिक मीटर वर चढायचा आणि समोर नंदादेवी उभी राहायची, ७८१६ मीटरची. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठातली घरं भेगाळू लागली, आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि रोपवे थांबवावा लागला. तेव्हापासून वर जायचं ते मोटारीने, वळणावळणांच्या रस्त्याने.

जोशीमठ अचानक भेगाळलं असं म्हणणं मला पटत नाही. १९७६मध्ये गढवालचे आयुक्त एम. सी. मिश्रा यांच्या समितीने लिहून ठेवलं होतं की जोशीमठ भक्कम खडकावर नसून जुन्या दरडीच्या, वाळू-दगडांच्या ढिगावर वसलेलं आहे. अवजड बांधकाम नको, उतारावरचे मोठे दगड हलवू नका, सुरुंग लावू नका, झाडं लावा, अशा त्या शिफारशी. नंतर तिथे काय झालं हे जोशीमठच्या बहुमजली हॉटेलांकडे बघून कळतं. सांडपाणी आणि पावसाचं पाणी उतारात मुरत राहिलं. जोशीमठच्या वर असलेल्या औलीचं पाणीही याच डोंगराच्या पोटातून खाली जातं, हे पर्यटकाने आणि हॉटेलमालकाने दोघांनीही लक्षात ठेवावं. कचऱ्याचंही तेच: जून २०१९मध्ये औलीच्या कुरणावर एका धनाढ्य कुटुंबातली दोन लग्नं झाली. शेकडो क्विंटल कचरा उरला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

जायचं तर जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, आणि तिकीट काढण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाला फोन करून बर्फ आहे का ते विचारून. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर, डोंगरी रस्ता, म्हणजे पूर्ण दिवस जातो. हिमवर्षाव सुरू असेल तर शेवटच्या टप्प्यात चाकांना साखळ्या लागतात. बर्फ नसेल तर निराश होऊन खोलीत बसू नये. वरच्या रानातून सुमारे तीन किलोमीटर चाललं की गोरसोंचं बुग्याल येतं, आणि तिथून त्रिशूळापासून कामेतपर्यंतची रांग दिसते. तंबू मात्र तिथे ठोकता येणार नाही; बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला २०१८पासून न्यायालयाची बंदी आहे, तेव्हा संध्याकाळपर्यंत खाली यायचं.