शिक्षण तिचे, वास्तव्याचा हक्क दोघांचा

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील निघोजे, महाळुंगे, खराबवाडी ही गावे आता परदेशी कंपन्यांच्या पत्त्यांमध्ये वाचायला मिळतात. फोक्सवॅगनच्या येथील कारखान्याचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले. कारखान्यांबरोबर माणसांची ये-जा वाढते, ओळखी होतात आणि कधी कधी सोयरीकही जुळते. अशा घरांतून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. समजा, निघोज्यात नोकरी करणाऱ्या मराठी तरुणाचे जर्मन मुलीशी लग्न झाले आहे. तिला पुढील शिक्षणासाठी नेदरलँड्समध्ये प्रवेश मिळाला. आता नवऱ्याला तिच्याबरोबर राहता येईल का?

उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्याला काही अटी आहेत. हा हक्क युरोपीय संघाच्या २००४ सालच्या एका कायद्याने दिला आहे. सदस्य देशांना तो ३० एप्रिल २००६पर्यंत अमलात आणायचा होता. संघातील एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात शिकायला गेला, तर त्याचा पती किंवा पत्नी, नोंदणीकृत जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले त्याच्यासोबत राहू शकतात. ती माणसे भारताची नागरिक असली तरी चालते. आई-वडिलांना मात्र विद्यार्थ्याच्या बाबतीत हा हक्क आपोआप मिळत नाही.

पहिले तीन महिने विद्यार्थ्याला पासपोर्ट किंवा ओळखपत्र पुरते. त्यानंतर तीन गोष्टी लागतात : मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश, पूर्ण आरोग्य विमा आणि आपण सरकारी मदतीवर भार होणार नाही, इतका पैसा असल्याचे निवेदन. या निवेदनात अमुक रक्कम लिहाच, असा आग्रह सरकारला धरता येत नाही. पैसा पत्नीचाच हवा, असेही नाही.

नवऱ्याला प्रवेशासाठी व्हिसा लागू शकतो. पण तो विनाशुल्क आणि लवकरात लवकर द्यावा, असे कायदा म्हणतो. म्हणून ‘सरकारी व्हिसा फी’ म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली, तर आधी चौकशी करा. तेथे गेल्यावर निवास कार्डासाठी अर्ज करायचा. ते सहा महिन्यांच्या आत मिळाले पाहिजे. कार्ड असलेल्या जोडीदाराला नोकरी किंवा धंदा करता येतो. सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर कायम वास्तव्याचा हक्क मिळतो.

येथे एक गंमत आहे. हीच मुलगी स्वतःच्या जर्मनीत शिकत राहिली, तर हा कायदा लागू होत नाही. जर्मनीचा स्वतःचा कायदा लागतो आणि नवऱ्याला बहुतेकदा जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. शेजारच्या देशात गेल्यावर हक्क जास्त, स्वतःच्या घरात कमी! या विसंगतीवर युरोपीय न्यायालयात एक महत्त्वाचा निकाल लागला, तो सुरिंदर सिंग या भारतीयाच्या प्रकरणात. त्यांची पत्नी ब्रिटिश होती. दोघे १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले. ७ जुलै १९९२ रोजी न्यायालयाने सांगितले, की असे मायदेशी परतणाऱ्याच्या जोडीदारालाही युरोपीय कायद्याचे संरक्षण आहे. पुढे २०१४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की त्यासाठी दुसऱ्या देशातील वास्तव्य खरेखुरे आणि तीन महिन्यांहून अधिक असले पाहिजे. सुट्टीतली सहल त्यात धरत नाहीत. ब्रिटन मात्र ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडले. त्यामुळे तेथे जाणाऱ्यांनी आता ब्रिटनचे नियम पाहावेत.

संसार मोडला तर काय? हा प्रश्न कोणी विचारत नाही. पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. लग्न किमान तीन वर्षे टिकले असेल आणि त्यातले एक वर्ष त्या देशात गेले असेल, तर घटस्फोटानंतरही जोडीदाराचा हक्क टिकू शकतो. त्यासाठी त्याची स्वतःची कमाई आणि विमा मात्र हवा. पण आयर्लंडमधील कुलदीप सिंग या भारतीयाच्या प्रकरणात १६ जुलै २०१५ रोजी वेगळेच चित्र दिसले. त्यांची लाटव्हियन पत्नी आधी देश सोडून गेली आणि घटस्फोटाचा अर्ज नंतर केला. न्यायालय म्हणाले, ती गेली त्याच वेळी पतीचा हा हक्क संपला. कोण आधी गेले आणि अर्ज कधी झाला, एवढ्यावर एका माणसाचे राहणे अवलंबून होते. म्हणून असा प्रसंग आलाच, तर जोडीदार देश सोडण्यापूर्वी वकिलाला भेटावे.

शेवटी कागदपत्रांविषयी. लग्नाची नोंदणी हवीच; विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे विवाह करायचा तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. प्रमाणपत्रावर अनेक देशांना ‘अपॉस्टिल’ हा शिक्का लागतो. भारत त्या करारात २००५ मध्ये सामील झाला. जर्मनीने मात्र त्याला हरकत घेतली होती. म्हणून ज्या देशात जायचे, त्याच देशाच्या वकिलातीला आधी विचारावे. नकार आलाच, तर तो कारणांसह लेखी मागावा. त्याविरुद्ध दाद मागता येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)